बॅटरीची पेटी आणि माझा उपास

माझ्या जिभेला हाड नाही, असं माझ्या आईपासून ऑफिसातल्या एचआरपर्यंत सगळ्यांचं मत आहे, आणि ते मी कधी खोडून काढलेलं नाही. कुणाच्या घरी जेवायला गेले आणि कालवणात मीठ कमी असलं तर मी सांगते. फादरांचं प्रवचन लांबलं तर दाराशी हात मिळवताना तेही सांगते. आयुष्यात एकदाच, चाळीस दिवस, मी ठरवून गप्प बसले. ते प्रकरण मला लिहून काढायचं आहे आणि लिहिताना एका जागी बसवत नाही. एवढ्या चार ओळींत दोनदा उठून ओटा पुसून आले.

माझा नवरा मोटार मेकॅनिक. वसईला डिप्लोमा करून तो इथे आला आणि दुबईत अल क्वोजमधल्या एका गॅरेजात तेवीस वर्षं लोकांच्या महागड्या गाड्या दुरुस्त करत राहिला. पण नुसतं दुरुस्त करून त्याचं मन कधी भरलं नाही. घरातल्या एसीचं पाणी बाल्कनीतल्या कुंड्यांना आपोआप जाईल अशी नळी त्याने बसवली, तेव्हा मुलगी बालवाडीत होती. त्याला काही सुचलं की तो गॅरेजच्या पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूला चित्र काढायचा, ते आणून माझ्या ओट्यावर ठेवायचा आणि फ्रिजला टेकून उभा राहायचा. मी पोळी उलटता उलटता बघायची आणि बोलायची. "हे उघडणार कसं? हात कुठून घालायचा? इथे वाळू जाणार, मग काय करशील?" तो चिडायचा. "तुला सगळ्यातच खोट दिसते," म्हणायचा आणि कागद उचलून निघून जायचा. दोन दिवसांनी तेच चित्र बदललेलं घेऊन यायचा. बावीस वर्षं हे चाललं होतं. याला मी भांडण म्हणायची आणि आमच्या दोघांच्या घरचे लोकही भांडणच म्हणायचे. नणंद तर तोंडावर म्हणाली होती, "वहिनी, माझ्या भावाला कधी एक शब्द चांगला बोललात तर आभाळ कोसळणार नाही."

मग विजेच्या मोटरसायकली आल्या. जेवण पोचवणाऱ्या कंपन्यांनी हळूहळू त्या घ्यायला सुरुवात केली आणि पहिल्याच उन्हाळ्यात घोळ झाला. बॅटरी फार तापली की गाडी स्वतःहून वीज तोडते, नाहीतर आग लागायची. मग पाठीवर पिझ्झा घेतलेला माणूस भर रस्त्यात गाडी ढकलत चाललेला दिसतो. आमच्या हॉटेलच्या मागच्या गेटला मी स्वतः असे दोघे पाहिले. मी तिथे रिझर्व्हेशनमध्ये कामाला आहे, माझी खिडकी त्याच बाजूला आहे.

नवऱ्याला उत्तर सापडलं ते अल क्वोजच्या लेबर कॅम्पमध्ये. तिथे कामगार पाण्याच्या कॅनला ओलं गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवतात आणि पाणी माठातल्यासारखं गार होतं. त्याने ठरवलं, बॅटरीला अशीच ओली गुंडाळी घालायची. ॲल्युमिनियमची पेटी, भोवती जाड कापड, वर पाण्याची बाटली आणि सलाइनच्या नळीसारखी नळी, तिची चकती फिरवून थेंब कमीजास्त करायचे. गाडी धावली की वारा लागणार, वाऱ्याने पाणी उडणार आणि बॅटरी गार राहणार. ना मोटर, ना वायर. डिसेंबरात त्याने नोकरी सोडली. त्याचा व्हिसा माझ्या नोकरीवर काढला आणि दुबईपासून तासाभरावरच्या उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात एका मलबारी माणसाचं अर्धं शेड घेतलं.

"एक वर्ष," तो मला म्हणाला. "एका वर्षात एका कंपनीने घेतलं तर घेतलं. नाहीतर खलास, परत गॅरेज."

तो तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होता. पुन्हा असं वर्ष मिळणार नाही हे त्याला कळत होतं आणि मलाही. मोबाइलवर तो पहिल्यावहिल्या मोटारींच्या काळातल्या लोकांच्या गोष्टी बघायचा. दुसऱ्या देशातून येऊन, कुणाच्या तरी पडक्या शेडमध्ये इंजिनं बनवून, पुढे कारखाने काढलेले लोक. "बघ, हा पण बाहेरून आलेला," असं मला दाखवायचा. मी म्हणायची, "त्याच्या बायकोचं काय झालं ते दाखवतात का कुठे?"

फेब्रुवारीत राखेचा बुधवार आला. आम्ही वसईचे ख्रिस्ती, उपवासकाळात चाळीस दिवस काहीतरी सोडायचं हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. मी दरवर्षी मटण आणि गोड सोडते. त्या वर्षी फादर म्हणाले, मटण सोडणं सोपं आहे, ज्याने घरातल्या माणसाला त्रास होतो ते सोडून बघा. माझ्या शेजारी नणंद बसली होती. ती माझ्याकडे बघून नुसती हसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी तिथेच ठरवलं. चाळीस दिवस नवऱ्याच्या कामात खोट काढायची नाही. एक शब्दही नाही.

घरी येऊन मुलीला तेवढं सांगितलं तर ती म्हणाली, "मम्मी, यू वोंट लास्ट टू डेज."

नवऱ्याला मी सांगितलंच नाही. उपास जाहीर करून केला तर त्याचं पुण्य जातं, असं आई म्हणायची.

पहिला आठवडा कठीण गेला. तो काहीतरी बोलायचा, माझ्या तोंडात उत्तर तयार असायचं आणि मी मिठाची गुळणी धरल्यासारखी उभी राहायची. हातांना काम हवं म्हणून मी कपाटं काढली, मसाल्याचे डबे घासले, वाळलेल्या कपड्यांच्या पुन्हा घड्या घातल्या. पायाला भिंगरी लागल्यासारखी घरभर फिरत असायची.

तोवर ही बॅटरी गार ठेवायची पेटी आहे एवढंच मला माहीत होतं, आतली युक्ती नव्हे. मार्चमध्ये एका संध्याकाळी त्याने पेटीचं चित्र आणून ओट्यावर ठेवलं आणि नेहमीसारखा फ्रिजला टेकला.

मी बघितलं आणि मला लगेच दिसलं. मला बॅटरीतलं काही कळत नाही, पण मी कोळ्याची मुलगी आहे. आमच्याकडे बांबूंना दोऱ्या बांधून बोंबील वाळत घालतात. हवा दमट असली की ऊन कितीही कडक असो, बोंबील वाळत नाही, लिबलिबीत होऊन कुजतो. आई आकाशाकडे बघायचीच नाही, हवेत हात हलवून ठरवायची. आणि इथे शारजाच्या आमच्या बाल्कनीत ऑगस्टात हेच होतं. मार्चमध्ये अर्ध्या तासात कडक होणारा टॉवेल ऑगस्टात दुसऱ्या दिवशीही ओला. ज्या हवेत टॉवेल वाळत नाही, त्या हवेत हे कापड कसं वाळणार? आणि वाळलं नाही तर गार कसं होणार? माझा नवरा वाडीवाला. त्याच्याकडे केळी आणि पानवेल. त्या माणसांना पाणी घालणं कळतं, वाळवणं कळत नाही.

हे सगळं माझ्या जिभेच्या टोकावर होतं. उपासाचे वीस दिवस झाले होते.

"छान आहे," मी म्हणाले.

तो फ्रिज सोडून सरळ उभा राहिला. "खरंच?"

"हो. छान आहे."

त्याचा चेहरा मला अजून आठवतो. चाळीस वर्षांपूर्वीचा, शाळेतला मुलगा दिसला मला त्याच्यात. त्याने कागद नीट घडी करून पाकिटात ठेवला. त्या दिवशी तो जेवताना दोनदा हसला आणि मला वाटलं, नणंद म्हणाली ते खरंच होतं, एवढंसं बोलायला मी बावीस वर्षं कंजुषी केली.

ईस्टर आला. उपास संपला, मटण शिजलं. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. पण तोवर पेटी तयार झाली होती, रंगही लागला होता. आणि लपवण्यात काय अर्थ आहे, त्या चाळीस दिवसांत सगळे मला म्हणत होते की तू किती बदललीस. ते मला गोड लागलं होतं. शिवाय मे महिन्यात पेटी चालली. एका डिलिव्हरी कंपनीच्या मॅनेजरने एक गाडी आणि एक रायडर दिला. रायडर पेशावरचा, पन्नाशीचा, शांत माणूस. दहा दिवस तो भर दुपारी त्या गाडीवर फिरला आणि गाडी एकदाही बंद पडली नाही. इतरांच्या बंद पडत होत्या. मला वाटलं, आपणच चुकलो. बोंबील आणि बॅटरी वेगळी.

मॅनेजर जॉर्डनचा. तो शेडमध्ये आला, पेटीवर हात ठेवला आणि म्हणाला, "हबीबी, धिस इज गुड वर्क. समर फिनिश, यू गिव्ह मी फॉर फॉर्टी बाइक्स. यल्ला." ऑगस्ट संपताना सोमवारी सह्या करायच्या ठरल्या. तोवर ती एक गाडी चालूच राहणार होती.

ऑगस्टात दुबई रिकामी होते. शाळा बंद, कुटुंबं गावी, त्यामुळे ऑर्डरीही कमी. आमची मुलगी मैत्रिणीकडे सुट्टीला गेली होती. शेवटच्या शुक्रवारी मी ऑफिसातून सरळ उम्म अल कुवैनला गेले, कारण नवऱ्याने फोनवर सांगितलं होतं की लवकर ये, एक गंमत दाखवायची आहे. सूर्य मावळायला आला होता आणि समुद्रावरून अशी हवा येत होती की गाडीतून उतरताच चष्म्यावर धुकं बसलं. रायडर नुकताच आला होता. नवऱ्याने पेटीवरची बाटली काढून माझ्यासमोर धरली.

"बघ. सकाळी भरली होती."

बाटली जवळजवळ भरलेली होती.

"मेमध्ये दिवसाला तीन बाटल्या लागायच्या," तो म्हणाला. "आता एक पण संपत नाही. कापड एकदा भिजलं की भिजलेलंच राहतं, थेंब पण कमी करावे लागले. किती इफिशियंट झालं बघ. मॅनेजरला हेच सांगणार आहे, एका बाटलीत पूर्ण शिफ्ट."

मी कापडाला हात लावला. ओलं होतं आणि कोमट होतं.

"बॅटरी?" मी विचारलं.

"थोडी गरम आहे. ऑगस्ट आहे, असणारच."

रायडर हेल्मेट पुसत म्हणाला, "आजकल काम भी कम है साब. दस-बारा ऑर्डर. गाडी आराम करती है."

तेव्हा मला कळलं. गाडी बंद पडत नव्हती ती पेटीमुळे नाही, काम कमी होतं म्हणून. सप्टेंबरात शाळा उघडणार, ऑर्डरी दुप्पट होणार आणि हवा अशीच चिकट राहणार. चाळीस गाड्या रस्त्यात थांबणार होत्या, आणि प्रत्येकीवर माझ्या नवऱ्याची पेटी असणार होती.

त्या शुक्रवारी मी बोलले नाही. रविवारपर्यंत बोलले नाही. आता तर उपासही नव्हता. नुसती भीती होती. सांगितलं तर वर्ष गेलं, नाही सांगितलं तर नाव गेलं, आणि दोन्हीकडे माझ्या मार्चमधल्या एका शब्दाचा हात होता. घरी येऊन मी एक टॉवेल भिजवला, पिळला आणि बाल्कनीत टांगला. शनिवारी सकाळी उठले ती सरळ बाल्कनीत. ओला. दुपारी ओला. मी दर तासाला जाऊन हात लावत होते. नवऱ्याने एकदा विचारलं, "काय करतेयस?" मी म्हटलं, "काही नाही." तो आत करारातल्या कलमांखाली पेन्सिलीने रेघा मारत होता आणि शीळ घालत होता. मी शंभर वेळा त्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. शनिवार इतका लांब असू शकतो हे मला माहीत नव्हतं.

रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर तो म्हणाला, चल शेडवर, उद्याची तयारी करू. अजमान शहर मागे पडल्यावर रस्ता मोकळा झाला आणि मी बोलले.

"ती पेटी ऑगस्टात चालणार नाही."

"म्हणजे? चालते आहे ना."

"कापड वाळत नाहीये. वाळत नाही म्हणून पाणी लागत नाही. टॉवेल वाळत नाही तसंच. पाणी उडालं नाही तर गार कसलं होणार? पोराला थंडावा म्हणून ओल्या गोधडीत गुंडाळून ठेवल्यासारखं आहे ते. आता काम नाही म्हणून बॅटरी वाचते आहे. सप्टेंबरात नाही वाचणार."

पुढच्या पेट्रोल पंपावर त्याने गाडी बाजूला घेतली आणि एसी चालू ठेवून तसाच बसला. तो मनातल्या मनात पडताळून बघत होता, ते मला त्याच्या बोटांवरून कळत होतं. स्टिअरिंगवर एकेक बोट मिटत होतं. मग मिटायचं थांबलं.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "मला कसं दिसलं नाही?" आणि मग माझ्याकडे वळला. "तुला कधी दिसलं? शुक्रवारी?"

इथे मी 'हो' म्हणू शकले असते. तो शब्द तयारही होता.

"मार्चमध्ये," मी म्हणाले. "चित्र दाखवलंस तेव्हाच."

"तू छान म्हणालीस."

"उपास होता माझा. तुझ्या कामात खोट काढायची नाही, असा उपास धरला होता. तुला बरं वाटावं म्हणून."

तो ओरडेल असं मला वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं, मला त्याची सवय आहे. तो हळूच बोलला. "माझ्याकडे टेस्टिंगची मशीन नाही. इंजिनिअर नाही. लोकांकडे सगळं असतं. मी काही बनवलं की तुझ्याकडे आणायचो, कारण तू सोडायची नाहीस. तुझ्यातून पास झालं की ते चालतं, हे मला माहीत होतं. बावीस वर्षांत तू पहिल्यांदा छान म्हणालीस. मी त्याच्यावर सगळं लावलं."

मला रडू आलं आणि रडूही धड आलं नाही. पंपावरचा माणूस काचेवर टकटक करून विचारून गेला, पेट्रोल की पाणी.

शेडवर जाऊन त्याने पेटी काढली, बॅटरीच्या जागी गरम पाण्याचा डबा ठेवला आणि पंखा लावून दोन तास तापमान मोजलं. एकदा कापडासकट, एकदा कापड काढून. कापडासकट डबा उलट जास्त वेळ गरम राहिला. आकडे मी लिहून घेत होते. त्याने मला थांब म्हटलं नाही.

सोमवारी तो एकटा गेला आणि मॅनेजरला आकडे दाखवले. मॅनेजर चांगला माणूस होता. त्याने कॉफी मागवली, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "नेक्स्ट इयर, इन्शाल्ला." या देशात इतकी वर्षं राहून त्याचा अर्थ 'नाही' असा होतो हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दुसऱ्या कुणीतरी बंद पेटीत गार द्रव फिरवणारी यंत्रणा आणली आहे, ती आता त्या गाड्यांवर आहे. डिसेंबरात नवरा परत अल क्वोजला गेला, त्याच गॅरेजात. त्याची जागा त्यांनी भरली नव्हती.

लोकांना वाटतं मी स्वतःला उगाच बोल लावते. नणंद म्हणते, तुम्ही सांगितलंत म्हणून तर अब्रू वाचली. ते खरं आहे. पण मी तेव्हापासून नीट बसू शकलेले नाही. मला बोलायचं असतं, भरपूर बोलायचं असतं. त्याच्या पोशाखावर, त्याच्या गाडी चालवण्यावर, सगळ्यावर मी पूर्वीपेक्षा जास्त बोलते. तो ऐकून घेतो. आता चिडत नाही.

गेल्या महिन्यात त्याने पुन्हा कागद काढला. मी भाजी चिरत होते. त्याने तो ओट्यावर आणला नाही, जेवणाच्या टेबलावरच ठेवून बसला होता. मी हात पुसून स्वतः गेले आणि त्याच्या खांद्यावरून बघितलं. बॅटरी उचलून बदलायची सोपी पद्धत होती, एक खिट्टी, एक दांडा.

"ही खिट्टी वाळूने जाम होईल," मी म्हणाले. "आणि ग्लोव्हज घातलेल्या हाताने ती उघडणार नाही."

त्याने मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं.

"हे तुला खरंच वाटतंय," त्याने विचारलं, "की मला बरं वाटावं म्हणून म्हणतेयस?"

मी सांगितलं की खरंच वाटतंय. त्याने मान हलवली आणि पेन्सिल उचलली, पण त्याचा विश्वास बसला की नाही ते मला कळलं नाही.